बाळंतिणीभोवतीचा बोहाडा

होळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांत बोहाड्याचे दिवस येतात. रंगवलेले मोठाले मुखवटे चढवून देव आणि राक्षस संबळ-पिपाणीच्या तालावर रात्रभर नाचतात. आधी गणपतीचं सोंग, मग एकामागून एक बाकीची. कुठलं सोंग कुणाच्या घरानं नाचवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. हा बोहाडा वर्षातून एकदाच होतो. दुसरा मात्र बारमाही आहे. ज्या घरात मूल जन्मतं त्या घरात तो होतो, आणि तो काही फक्त जव्हार-मोखाड्यात होत नाही. दादरला होतो, सदाशिव पेठेत होतो, न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही होतो. त्यातही सोंगं ठरलेली आणि मान पिढीजात. प्रेक्षक मात्र एकच, बाळंतीण. आणि तिला मधेच उठून जाता येत नाही.

या बोहाड्याचा विषयही एकच: तिचं दूध. आलं का? आलं तर पुरतं का? पुरत असलं तर पचतं का? आणि पचत असलं तर मग बाळ रडतं का? यावर मत नसलेला माणूस मराठी मुलखात मिळणं अवघड. ज्यांना मूल नाही त्यांनाही मत असतं. दूध पाजण्याची निसर्गानं सोयच दिलेली नाही अशा काकांचं मत तर सगळ्यांत ठाम असतं.

पहिलं सोंग मध घेऊन येतं. बाळाला जगात येऊन दहा मिनिटं झालेली नसतात, पण त्याच्या जिभेवर पहिलं बोट कुणाचं, यावरून दोन्ही घराण्यांत धुसफूस सुरू झालेली असते. ज्याचं बोट त्याचा स्वभाव बाळाला लागतो, अशी समजूत. मग नातेवाइकांतल्या सगळ्यांत हुशार आणि शांत माणसाचा शोध सुरू होतो आणि असा माणूस सापडायला वेळ हा लागतोच. मध नसला तर गुळाचं पाणी, साखरेचं पाणी, नाहीतर बकरीच्या दुधाचे चार थेंब. शहरात हौस मोठी, म्हणून मधात सोनं उगाळून. बाळाला या क्षणी सोन्यात काडीचा रस नसतो. त्याला आई हवी असते आणि ती पलीकडच्या खाटेवर असते.

त्याच वेळी आईच्या अंगावर आलेला घट्ट पिवळसर चीक पिळून टाकायचा, असाही एक जुना ठराव आहे. कारण तो बाळाला 'जड पडतो'. गाईच्या चिकाचा खरवस करून, वर वेलदोडा घालून, घरोघर वाटणारे आपण. बाईचा चीक मात्र फेकून देतो. बाळाला रोगांशी झुंजायची पहिली शिदोरी त्या चिकात असते. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर मिळाला तरी त्याचं पोट भरतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे दोन आकडे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. जन्मल्यावर तासाभराच्या आत आईचं दूध मिळालं ते ४१.८ टक्के बाळांना. दवाखान्यापर्यंत पोचणं ही एक यात्रा आहे आणि आईच्या छातीपर्यंत पोचणं ही दुसरी. दुसरीचं अंतर फक्त वीतभर आहे, आणि तीच अडते. गंमत म्हणजे, नुकत्याच जन्मलेल्या बाळाला पुसून आईच्या उघड्या पोटावर ठेवलं, तर ते बहुधा तासाभरात सरपटत सरपटत आपणहून छातीशी पोचतं. त्याला ते जमतं, कारण त्या तासात त्यानं कुणाचा सल्ला घेतलेला नसतो.

दुसरं सोंग सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत जोरकस: 'दूध पुरत नाही.' याला वाजंत्री लागत नाही, बाळाचं रडणं पुरतं. बाळ ओलं झालं म्हणून रडतं, उकडतं म्हणून रडतं, पाहुण्यांनी गालगुच्चा घेतला म्हणून रडतं. सोंगाचं निदान मात्र एकच. मग 'वरचं थोडं द्या' असा हुकूम सुटतो. आता दुधाचा हिशेब असा आहे की जेवढं बाळ ओढील तेवढं अंग बनवील. बाळाचं पोट वरच्या दुधानं भरलं की ते आईला कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं, आणि चार दिवसांनी सोंग पुन्हा येऊन म्हणतं, 'बघा, मी सांगितलं नव्हतं?' भविष्य सांगणाऱ्यानंच ते खरंही करून दाखवायचं, ही सोय कुठल्या ज्योतिषालाही नसते.

वरचं दूध म्हणजे जव्हारच्या बाजारात मिळणारा पावडरीचा डबा. हा डबा कधी निवांत वाचून पाहा. १९९२ च्या कायद्यानं त्यावर गुटगुटीत बाळाचं किंवा हसऱ्या आईचं चित्र छापायला बंदी आहे. त्याची जाहिरात करायला बंदी आहे. उलट 'आईचं दूध हेच तुमच्या बाळासाठी सर्वोत्तम', अशा अर्थाचं वाक्य ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती आहे. जो माल डब्यात नाही तोच उत्तम, असं स्वतःच्या डब्यावर लिहून विकला जाणारा हा बाजारातला बहुधा एकमेव जिन्नस. तरीही तो खपतो. कारण डबा कुणी वाचत नाही, आणि सोंगाचं सगळे ऐकतात. डॉक्टरांनीच कारण सांगून वरचं दूध द्यायला लावलं, तर ते खुशाल द्यावं. त्यात आईनं मान खाली घालण्यासारखं काही नाही. प्रश्न डॉक्टरांचा नाही, आत्याबाईंचा आहे.

तिसरं सोंग पथ्याचं. यात शहराची आणि पाड्याची तऱ्हा एकमेकींच्या उलट आहे. शहरात बाळंतिणीला वाढत जायचं: डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, खसखस, शतावरी, वर तुपाची धार. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच्या अंगठ्या शोधत नाही, कारण त्या बोटात जाणार नाहीत हे तिला ठाऊक असतं. पाड्यावर मात्र वगळत जायचं: हे खाल्लं तर बाळाला सर्दी, ते खाल्लं तर बाळाला जुलाब. शेवटी ताटात उरतो पातळ भात. म्हणजे आई उपाशी आणि दूध मात्र भरपूर, अशी अपेक्षा. ज्या मुलखात नागली पिकते, वरई पिकते, उडीद आणि खुरासणी पिकते, तिथे बाळंतिणीच्या वाट्याला पेजेवरचं पाणी यावं, हा पिकाचा दोष नाही.

यावर सरकारनं एक बरा उपाय काढला. २०१५ पासून आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने, अंगणवाडीत रोज एक वेळचं पूर्ण गरम जेवण: भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं, शेंगदाण्याचा लाडू. यातली खरी अक्कल जेवण अंगणवाडीत बसून खायचं, या अटीत आहे. डबा घरी नेला की लाडू थोरल्या मुलाला, अंडं नवऱ्याला, भाकरी सासऱ्याला, आणि बाईला डबा घासायला. 'मी खाईन मग,' असं म्हणणाऱ्या बायकांच्या देशात, 'आधी इथे बस आणि खा,' असं सरकारला सांगावं लागलं. घरातल्या माणसानं हे सांगितलं असतं तर एक शासकीय निर्णय वाचला असता.

चौथं सोंग सरकारीच, पण भित्तिचित्राचं. दवाखान्याच्या भिंतीवरची ती आई तुम्हीही पाहिली असेल: गोरीपान, भरल्या अंगाची, ताठ पाठीनं बसलेली, केसांत गजरा. तिच्या आसपास हंडा नाही, चूल नाही, अंगाशी झोंबणारं दुसरं मूल नाही, सासू नाही. रांगेतल्या बायकांना हेवा वाटावा तो तिच्या निवांतपणाचाच. अशा चित्रांची चलती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात असते, कारण १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह. १९९० साली १ ऑगस्टला इटलीतल्या फ्लॉरेन्सला एक जाहीरनामा निघाला, त्याच्या स्मरणार्थ ही तारीख. फ्लॉरेन्सला त्या सुमारास भाताची आवणी नसावी. जव्हार-मोखाड्यात असते. सगळ्या बाया गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत असतात, बाळ बांधावर घोंगडीखाली असतं, पाऊस तिरपा येत असतो, आणि तेवढ्यात निरोप येतो की 'बाळाला वेळेवर पाजा' हे ऐकायला सभेला चला. कार्यालयात नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आवणीला रजा द्यायची ती पावसानं, आणि तो अर्ज वाचत नाही.

आवणी उरकते, आणि दिवाळी सरली की कितीतरी पाडे 'जगायला' बाहेर पडतात. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. रेशनचं दुकान गावात राहतं, अंगणवाडीतलं गरम जेवण गावात राहतं, आया-बाळांचं आरोग्य बघणाऱ्या आशाताईची वही गावात राहते. बाळाबरोबर भट्टीवर जातं ते एकच रेशन, आईच्या अंगावरचं. त्याला कार्ड लागत नाही, अंगठा लागत नाही, त्याचा कोटाही महिनाअखेर संपत नाही. फक्त ते बनवणाऱ्या बाईला दोन वेळा पोटभर मिळालं पाहिजे आणि दिवसातून आठ-दहा वेळा विटांपासून उठायची मुभा पाहिजे.

विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली आणि सगळं राज्य हादरलं. त्यानंतर या डोंगरात जीपगाड्या आल्या, समित्या आल्या, मंत्री आले, अहवाल झाले. काही योजना चांगल्या निघाल्या, त्यांतली एक वर सांगितलीच. पण तेव्हापासून या दोन तालुक्यांना सल्ल्याची टंचाई कधी भासलेली नाही. टंचाई भासते ती पाण्याची.

पाण्याचा दुधाशी संबंध काय, असं कुणी विचारील. आईच्या दुधात शंभरातले सत्याऐंशीहून अधिक भाग पाणीच असतं. म्हणूनच सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला भर उन्हाळ्यातही वेगळं पाणी पाजायचं नसतं. ते पाणी आईनं प्यायचं. आता मोखाड्यात पाऊस कोसळतो तो असा की छत्री उघडणाऱ्याची कीव यावी, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, कोचाळे गावापाशी. त्याचं पाणी मुंबईला जातं. मुंबईतल्या बाळंतिणीला डॉक्टर सांगतात, 'पाणी भरपूर प्या.' ती नळ सोडते आणि वैतरणेचं पाणी पिते. मोखाड्यातल्या बाळंतिणीला आशाताई तेच सांगते. मग ती बाळ नणंदेकडे देते आणि प्यायचं ते पाणी आणायला हंडा घेऊन टेकडी उतरते.

मुंबईची बाळंतीण सुखात आहे असंही नाही. तिची तयारी दांडगी असते: विजेवर चालणारा पंप, चंद्रकोरीच्या आकाराची उशी, शनिवार-रविवारचा वर्ग, आणि कुठल्या बाजूनं किती मिनिटं पाजलं ते नोंदवणारं अ‍ॅप. बाळ मात्र अ‍ॅप उघडत नाही. रात्री तीन वाजता ते रडतं, छातीला चिरा पडलेल्या असतात, आणि चाळीस जणांच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शुभेच्छा सोडून काही नसतं. पाड्यावर निदान बाळ आईच्या कुशीत झोपतं, रडलं की पदराआड घेतलं जातं, आणि त्यासाठी वर्गाची फी भरावी लागत नाही. जुन्या सुईणीचं सगळंच टाकाऊ नव्हतं. मध तेवढा वगळायचा आणि कूस ठेवायची.

मग मदत कशाला म्हणायचं? याचं उत्तर जिथून येईल असं वाटत नाही तिथून आलं आहे, पवईच्या आयआयटीतून. यंत्रं आणि पूल बांधायला शिकवणाऱ्या या संस्थेत बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी बाळाला छातीशी नीट धरण्याच्या पद्धतीचे तब्बल ४५ मुद्दे काढले आणि त्यांचे मराठीसह अनेक भाषांत व्हिडिओ झाले. ४५ मुद्दे ऐकून कुणालाही वाटेल की बाळ पाजायचं आहे की पूल बांधायचा आहे. पण त्यातला अर्क साधा आहे. आईची पाठ टेकलेली. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं. नाक स्तनाग्रासमोर. तोंड पुरतं उघडेपर्यंत थांबायचं, वडापाव खाताना आपण उघडतो तेवढं. हे उदाहरण व्हिडिओतलंच आहे. बाळाच्या तोंडात नुसतं टोक नको, त्याभोवतीचा काळसर भागही, खालच्या बाजूचा जास्त, गेला पाहिजे. हनुवटी छातीत रुतलेली. असं धरलं की दुखत नाही, चिरा पडत नाहीत, आणि मागून येणारं घट्ट, चरबीचं दूध बाळाच्या पोटात जातं. कितीतरी घरांतलं 'दूध पुरत नाही' हे खरं म्हणजे 'धरणं जमत नाही' असतं.

हे भित्तिचित्रातून शिकता येत नाही. कुणीतरी शेजारी बसून, बाळाच्या मानेखालचा हात थोडा सरकवून दाखवावा लागतो. ते काम गावात आशाताईचं आहे. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला तिनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचं असतं. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती वजन घेते, बाळ दिवसात किती वेळा शू करतं ते विचारते. पहिल्या आठवड्यानंतर सहा-सात वेळा किंवा जास्त असेल तर दूध पुरतंय. मग सोंगं काहीही म्हणोत. बाळ मलूल पडलं, ओढेनासं झालं, वजन वाढेना, तर ती आपणहून दवाखान्याची वाट धरते. आडवाटेच्या पाड्यांवर, पावसात, चालत जाऊन ती हे करते, आणि सरकारच्या लेखी ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. देशातलं हे एकच खातं असं असेल, जिथे काम करणारी स्वयंसेवक आणि त्या कामाचे अहवाल मागणारे सगळे पगारी.

शेजारी बसण्यानं काय होतं, हे मुंबईच्या सायन रुग्णालयानं फार पूर्वी दाखवून दिलं. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे नवजात बाळांच्या विभागात आयांना बाहेर ताटकळत ठेवण्याऐवजी आत आणलं, बाळांच्या देखभालीत घेतलं, वरच्या दुधाला रजा दिली आणि १९८९ साली देशातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध दुसऱ्या आईच्या अशक्त बाळाला. हे दूध देणाऱ्या बायकांतल्या बऱ्याच जणी साध्या, गरीब घरांतल्या. पेढीचा व्याजदर मात्र कुठल्याही बँकेला झेपणार नाही असा.

आता राहिले पुरुष. बाळ जन्मलं की बाप रेंज शोधायला जातो. जव्हारकडच्या डोंगरात रेंज ठरावीक वळणावरच मिळते, त्यामुळे 'मुलगा झाला', 'मुलगी झाली' हे कळवण्यात त्याचा अर्धा दिवस जातो, आणि मग त्याला वाटतं आपलं काम संपलं. या बाबतीत निसर्गानं त्याला एकाच गोष्टीतून सूट दिलेली आहे. पाणी भरता येतं, लाकडं फोडता येतात, थोरल्या पोराला आंघोळ घालता येते, बाळ खांद्यावर टाकून ढेकर काढता येतो, सल्ला घेऊन आलेल्या मामेसासूला अंगणातच चहा पाजून परत धाडता येतं. शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं आणि ते त्यालाच शोभतं.

तेव्हा पुढच्या वेळी बाळ बघायला जाल तेव्हा मुखवटा घरी ठेवून जा. 'दूध येतंय ना?' हा प्रश्न विचारू नका. तो ऐकून आजवर कुणाला पान्हा फुटलेला नाही. टोपडं-झबलं नेऊ नका, ती पोतंभर साठलेली असतात. अंडी न्या, शेंगदाणे न्या, नागलीचं पीठ न्या. गेल्यावर आधी हंडा भरा, मग भांडी घासा, आणि बाळंतीण समोर बसून जेवेपर्यंत बाळ मांडीवर घ्या. ती धरताना चुकते आहे असं वाटलं तर बोलू नका, आशाताईला बोलवा. एवढं करून मुकाट्यानं घरी या. दूध बाळंतीण आणि बाळ मिळून बघून घेतील.